अंदमानच्या सहलीत नऊ जणांचा एक फोटो

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत आम्ही घरचे नऊ जण अंदमानला निघालो आहोत. सासू-सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघे आणि तीन मुले. सहलीतल्या तीन रात्री हॅवलॉकला, विजयनगर किनाऱ्यावरच्या हॉटेलात मुक्काम आहे. दिवाणखान्यात लावता येईल असा सगळ्यांचा एक मोठा फोटो या वेळी निघावा, अशी सासूबाईंची फार इच्छा आहे, कारण सगळे एकत्र असलेला शेवटचा चांगला फोटो आमच्या लग्नातला आहे. मागे गुहागरला गेलो होतो तेव्हा यांनी शेकडो फोटो काढले, पण दुपारच्या फोटोंत सगळ्यांचे डोळे बारीक झालेले आणि संध्याकाळच्या फोटोंत चेहरे काळे. 'इकडे बघा, तिकडे उभे राहा' करता करता सगळेच वैतागले. यंदा यांनी नवा कॅमेरा घेतला आहे आणि प्रत्येक ठिकाणी फोटो काढायचाच, असा चंग बांधला आहे. पंधरा वर्षांची लेक म्हणते, मी फोटोत येणारच नाही. चार वर्षांचा पुतण्या एका जागी ठरत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना वाळूत फार चालवत नाही. हॉटेलवाले पैसे घेऊन फोटोग्राफर देऊ म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : सस्नेह नमस्कार. तुमच्या पत्रात कॅमेरा, ऊन, लेकीचा नकार आणि सासूबाईंचे गुडघे असे अनेक प्रश्न एकत्र आले आहेत आणि त्यांतले निम्मे तरी वेळ नीट ठरवल्याने सुटतील, असे मला वाटते. संपूर्ण सहलीतला एकच अर्धा तास या फोटोसाठी राखून ठेवा, तो घरातल्या सर्वांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवा आणि तो कुठे व केव्हा हे सासूबाईंच्या सोयीने ठरवा. त्या अर्ध्या तासाखेरीज इतर वेळी कोणी कोणाला फोटोसाठी उभे करायचे नाही, हेही त्याच वेळी सर्वांकडून कबूल करून घ्या. सहलीच्या दिवसांत दर दोन तासांनी रांगेत उभे राहावे लागणार नाही, हे एकदा कळले की माणसे त्या एका अर्ध्या तासात मनापासून सहकार्य करतात. माझा अनुभव तरी तसाच आहे.

आता वेळेबद्दल. मुंबईहून अंदमानला जाणारी बहुतेक कुटुंबे इथेच फसतात. अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस रेखांशांवर आहे, पण घड्याळ दोन्हीकडे एकच, भारतीय प्रमाणवेळेचे. त्यामुळे डिसेंबरअखेर मुंबईत सूर्य सहानंतर मावळतो, तर हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, तो पाचच्या सुमारासच मावळतो, आणि सकाळी साडेपाच-पावणेसहालाच उगवलेला असतो. शिवाय विषुववृत्ताच्या जवळ सूर्य क्षितिजाकडे जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधारून येते. जुहूच्या सवयीने तुम्ही चहा घेऊन, आवरून साडेपाचला किनाऱ्यावर उतरलात तर फोटोची वेळ टळून गेलेली असेल. तिथे साडेतीन ते सव्वाचार ही वेळ धरा आणि दुपारचे जेवण बाराला उरकून घ्या.

जागेबद्दल माझे मत तुम्हाला कदाचित अनपेक्षित वाटेल. हॅवलॉकला गेलेला प्रत्येक जण सूर्यास्तासाठी राधानगर किनाऱ्यावर जातो, तुम्हीही अवश्य जा, तो किनारा खरोखरच सुंदर आहे. परंतु घरात लावायचा फोटो तिथे काढू नका. राधानगर पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य समुद्रावर असतो, आणि समुद्र मागे घेऊन माणसे उभी केली की सूर्य त्यांच्या पाठीशी येतो. कॅमेरा मागच्या झगझगीत आभाळावरून उजेडाचा अंदाज घेतो आणि चेहरे काळे करून टाकतो. गुहागरचा किनाराही पश्चिमेचाच, त्यामुळे तुमच्या संध्याकाळच्या फोटोंना जे झाले ते यामुळेच. त्यात यजमानांच्या हाताचा फारसा दोष नव्हता. दुपारच्या फोटोंचे कारण त्याहून सोपे. डोक्यावरचे ऊन भुवयांची सावली डोळ्यांत पाडते आणि पांढरी वाळू खालून डोळे दिपवते, मग माणूस डोळे बारीक करणार नाही तर काय करील?

तुमचे हॉटेल विजयनगरला आहे, हे मी भाग्यच समजतो. हा किनारा बेटाच्या पूर्व अंगाला आहे. दुपारनंतर सूर्य बेटाच्या आणि किनाऱ्यावरच्या मोठ्या झाडांच्या मागे जातो, म्हणजेच फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी येतो, आणि समोर माणसे, त्यांच्या मागे समुद्र अशी मांडणी आपोआप जुळते. समोरून उजेड पडल्यामुळे पाण्याचा निळा-हिरवा रंगही त्या वेळी उत्तम दिसतो. साडेतीनच्या सुमारास झाडांची सावली वाळूवर बरीच पुढे आलेली असते. तिच्या कडेच्या थोडे आत सर्वांना घ्या. चेहऱ्यावर थेट ऊन नाही, वर मोकळे आभाळ आणि त्यातून येणारा मऊ उजेड, याहून चांगला प्रकाश स्टुडिओतही सहज मिळत नाही. शिवाय सासूबाईंना खोलीपासून जेमतेम काही पावले चालावे लागेल, स्वच्छतागृह जवळ असेल आणि पुतण्याचे कपडे भिजले तर दुसरे आणायला वेळ लागणार नाही. माझ्या दृष्टीने ही कारणे प्रकाशाइतकीच महत्त्वाची आहेत.

एक गोष्ट मात्र तिथे पोहोचल्यावर विचारावी लागेल : भरती-ओहोटी. त्या बाजूचा समुद्र उथळ आहे आणि ओहोटीला पाणी दूर जाऊन खडक व मेलेले प्रवाळ उघडे पडतात. फोटोत निळ्या पाण्याऐवजी काळपट दगड येतात. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या दिवशी हॉटेलच्या माणसाला विचारले तर तीनपैकी कोणत्या दुपारी पाणी बऱ्यापैकी वर असेल, हे तो सांगू शकेल. शक्यतो पहिल्या किंवा दुसऱ्या दुपारचा दिवस धरा, म्हणजे पाऊस आला किंवा कोणाचे पोट बिघडले तर एक दिवस हाताशी राहील. खडकांवर चढून फोटो काढू नका, शेवाळाने ते निसरडे झालेले असतात. मुलांनी हौसेने उचललेले प्रवाळही तिथेच ठेवायला लावा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार प्रवाळांना संरक्षण आहे. पाण्यात उतरण्याबाबत, विशेषतः मगरींबाबत, लावलेले फलक मात्र काटेकोरपणे पाळा.

निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी जुहूला रंगीत तालीम करून पाहा, पण संध्याकाळी नव्हे, सकाळी पावणेआठ-आठला. त्या वेळी सूर्य पूर्वेकडच्या इमारतींमागे असतो आणि समुद्र पश्चिमेला, म्हणजे विजयनगरच्या दुपारसारखीच मांडणी मुंबईत सकाळी मिळते. सगळे नऊ जण आलेच पाहिजेत असे नाही. तुम्ही दोघे, लेक आणि जाऊबाई एवढे गेलात तरी कॅमेरा कुठे ठेवायचा, किती मागे जायचे आणि चेहरे किती उजळ येतात, हे कळेल.

यजमानांनी नवा कॅमेरा हौसेने घेतला आहे, तेव्हा ही जबाबदारी त्यांच्याकडेच ठेवा, फक्त ते स्वतः फोटोतही असतील हे पाहा. अनेक घरांत फोटो काढणारा माणूस अल्बममधून वर्षानुवर्षे गायब असतो, आणि पुढे त्याची मुले तो कुठे दिसतो का म्हणून फोटो चाळत बसतात. तिवई (ट्रायपॉड) न्या. वाळूत तिचे पाय दाबून बसवा, मध्ये एखादी पिशवी टांगा म्हणजे वाऱ्याने ती हलणार नाही, आणि परतल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा. कॅमेऱ्यातल्या टायमरला एकामागून एक अनेक फोटो काढायची सोय असते, ती वापरा. नऊ जणांचे डोळे एकाच क्षणी उघडे असणे अवघड असते. जवळून रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत कडेची माणसे फुगलेली दिसतात, म्हणून कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स १८-५५ मिलिमीटरची असेल तर ती ३५ ते ५० च्या मध्ये ठेवून सहा-सात मीटर मागे जावे. दोन रांगांतले सगळे चेहरे स्पष्ट यावेत यासाठी ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ ८ च्या आसपास आणि मुलांच्या हालचालीसाठी शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान असावे. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, थोडा वाढवावा लागला तरी हरकत नाही. मागचे पाणी उजळ असल्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कॅमेऱ्यातल्या पट्टीवर पाऊण ते एक स्टॉप (एकक) वाढवा. मोबाइलने काढणार असाल तर दुप्पट झूम घ्या, पडद्यावर सासूबाईंच्या चेहऱ्याला बोट लावा आणि उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. क्षितिजाची रेघ सरळ आहे ना आणि ती कोणाच्या मानेतून आरपार जात नाही ना, एवढे बघायला जाऊबाईंना सांगा. फोटो काढणाऱ्याच्या ते लक्षात राहत नाही.

बसवण्याची पद्धत जुन्या स्टुडिओंची घ्या. आपल्याकडे गिरगाव-दादरच्या स्टुडिओंत निघालेल्या कुटुंबाच्या फोटोंत वडीलधारी माणसे मध्ये खुर्चीवर, मुले पुढे जमिनीवर आणि बाकीचे मागे उभे असत, आणि सासूबाईंच्या मनात 'सगळ्यांचा फोटो' म्हणून हेच चित्र असणार. हॉटेलच्या दोन सरळ पाठीच्या खुर्च्या मागून घ्या. आरामखुर्ची नको, तिच्यात माणूस खचतो आणि गुडघे दुखणाऱ्याला उठणे कठीण होते. खुर्चीचे पाय वाळूत रुततात, म्हणून त्याखाली फळी ठेवा किंवा ओली, घट्ट वाळू पाहून तिथे खुर्च्या मांडा. सासू-सासऱ्यांना सर्वांत शेवटी बोलवा, म्हणजे बाकीचे जागेवर येईपर्यंत त्यांना ताटकळावे लागणार नाही. किनाऱ्यावर वारा असतो, तेव्हा साडी नेसणार असतील तर पदराला खांद्यावर आणि कमरेशी अशा दोन पिना लावा.

सासऱ्यांच्या चष्म्याकडे आधीच लक्ष द्या. आजकाल पुष्कळांचे चष्मे उन्हात काळे होणाऱ्या काचांचे असतात. त्या काचा ऊन अंगावर नसतानाही, मोकळ्या आभाळाखाली सावलीत, काळ्या राहतात आणि पुन्हा स्वच्छ व्हायला काही मिनिटे घेतात. घरी आल्यावर लक्षात येते की, सगळ्यांचे डोळे दिसतात आणि आजोबांच्याच डोळ्यांच्या जागी दोन काळे गोल आहेत. घरात त्यांचा जुना, साध्या काचांचा चष्मा असेल तर तो सोबत घ्या. नसेल तर फोटोच्या आधी चष्मा डबीत बंद करून ठेवा, सगळे बसले की शेवटी तो त्यांच्या हाती द्या आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच फोटो काढा.

सगळ्यांनी पांढरे शर्ट आणि निळ्या जीन्स घालण्याची एक रीत आली आहे. मला ती पटत नाही. पांढरा रंग किनाऱ्यावर चेहऱ्याहून जास्त चमकतो आणि शर्टवरच्या चुण्या, नक्षी काही दिसत नाही. मातकट पिवळा, विटकरी, मोरपिशी, जांभळट अशा दोन-तीन रंगांच्या आसपास सगळ्यांनी राहावे, मोठाली अक्षरे असलेले टी-शर्ट टाळावेत, एवढे पुरे. सनस्क्रीन लावायचे ते अर्धा तास आधी लावा, म्हणजे चेहऱ्यावर पांढरा थर राहणार नाही. संध्याकाळकडे तिथे वाळूतल्या बारीक माश्या चावतात, तेव्हा लहानग्याच्या पायांना ओडोमॉस लावायला विसरू नका.

पुतण्याला उभे करायचा प्रयत्नच करू नका. चार वर्षांच्या मुलाला झोप आणि खाणे झालेले असेल तर तो पाच-सात मिनिटे तुमचा असतो, त्यापेक्षा जास्त अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे. सगळे बसेपर्यंत त्याला समोरच वाळूत खड्डा खणू द्या, अगदी शेवटी आजोबांच्या पुढ्यात आणून बसवा, हाताला चिकटलेली वाळू कोरडी पावडर लावून झटकली की पटकन निघते. कॅमेऱ्याकडे बघ म्हणण्यापेक्षा त्याच्या आवडीचे कोणी कॅमेऱ्यामागे उभे राहून त्याच्याशी बोलले तर तो आपसूक तिकडे बघतो. तो खड्ड्याकडेच बघत राहिला तरीही मी तो फोटो टाकून देणार नाही.

लेकीच्या बाबतीत थोडे थांबून विचार करावा अशी माझी विनंती आहे. पंधराव्या वर्षी शरीर आणि चेहरा झपाट्याने बदलत असतो, आणि आपला कोणता फोटो कोणाच्या मोबाइलवर पोहोचेल यावर आपला काही ताबा नाही, ही भीती त्या वयात खरी असते. 'असे काय करतेस, आजीसाठी एक फोटो' म्हणून तिला गप्प करू नका. तिला दोन गोष्टींची हमी द्या : काढलेल्या फोटोंतून लावायचा फोटो निवडताना तिचे मत घेतले जाईल, आणि तिला विचारल्याशिवाय तिचा फोटो कोणीही, आत्याने वा काकांनीही, व्हॉट्सॲपच्या गटात किंवा इतरत्र टाकणार नाही. ही हमी वडिलांनी सर्वांसमोर दिली तर तिला जास्त भरवसा वाटेल. मग तिला तो अर्धा तास मागा, फक्त तेवढाच. सहलीतले बाकीचे फोटो तिने काढावेत असे सुचवून पाहा. आजीचे हात, काकू पाण्यात उतरताना, बाबा कॅमेऱ्यात डोके घालून बसलेले, हे सगळे तिच्या नजरेतून आलेले फोटो तुमच्या घरात सर्वांत जपून ठेवले जातील. एवढे करूनही ती नाही म्हणाली तर ते मान्य करा, आणि सासूबाईंना ते तुम्ही नव्हे, त्यांच्या मुलाने समजावून सांगावे.

हॉटेलचा फोटोग्राफर घ्यायला माझी हरकत नाही. यजमान दडपणातून मोकळे होतील आणि फोटोतही येतील. पण पैसे देण्याआधी त्याचे जुने काम पाहा, त्यात वृद्ध माणसांचे फोटो कसे आहेत ते विशेष पाहा, मूळ आकारातले किती फोटो मिळणार आणि केव्हा, हे लिहून घ्या. पैसे देऊन आपण काढून घेतलेल्या फोटोचा स्वामित्वहक्क, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो काढवून घेणाऱ्याचा असतो. म्हणून सही करायला दिलेल्या कागदात याउलट काही लिहिलेले नाही ना, हे वाचा आणि मुलांचे फोटो जाहिरातीसाठी वापरायचे नाहीत, असे स्पष्ट सांगा. वेळ आणि जागा मात्र तुम्हीच ठरवा, कारण तो बहुधा राधानगरचा सूर्यास्तच सुचवील.

पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमला, सेल्युलर जेल पाहायला तुम्ही जालच, आणि १९११ ते १९२१ सावरकर जिथे होते त्या कोठडीसमोर फोटो हवा, असे सासरे म्हणण्याची शक्यता आहे. तो अवश्य घ्या, शांतपणे, एकट्या त्यांचा. मुलांना फाशीघराजवळ हसून उभे करू नये, असे मला फार वाटते.

कॅमेऱ्याची काळजी थोडक्यात सांगतो. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर आणला की दमट हवेमुळे लेन्सवर धुके धरते, म्हणून तो पिशवीत बंदच ठेवून अर्धा तास आधी बाहेर आणा. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका आणि परतल्यावर किंचित ओलसर मऊ कापडाने मीठ पुसून घ्या. 'पाण्यात चालतो' असे सांगून विकलेल्या मोबाइलची चाचणी साध्या पाण्यात झालेली असते, खाऱ्या पाण्यात नव्हे, तेव्हा तो घेऊन समुद्रात उतरू नका. त्याच रात्री फोटो दुसऱ्या एका ठिकाणी उतरवून ठेवा.

परतल्यावर छपाईला उशीर करू नका. बारा मेगापिक्सेलचा फोटो सोळा बाय बारा इंचांपर्यंत नक्कीच चांगला येतो. मात्र व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. चौकटीचा आकार आधी ठरवून तसा फोटो कापून घ्या. काढतानाच दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवली असेल तर कडेचे दीर-जाऊ कापले जाणार नाहीत. कागद मॅट घ्या, म्हणजे दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडणार नाही. आणि फ्रेमवाल्याला काच व फोटोच्या मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला आवर्जून सांगा, कारण मुंबईच्या पावसाळ्यात काचेला टेकलेला फोटो तिलाच चिकटून बसतो आणि पुढे सोडवायला गेले की रंगासकट निघून येतो.